हात

मंडईचे दिवस आले की आमची कंपनी वडशाहून निघते,
टेम्पोत पडदे, ऑर्गन, पुठ्ठ्याची झाडं
आणि चहाच्या भगोण्यांमध्ये मी.

धान निघालेल्या बांधीत थिएटर खोदलेलं असतं.
कनातीमागं एका बल्बखाली
झिबलदादा रंग कालवतो,
पिवडी, गेरू, काजळी, चमचाभर खोबरेल,
आणि हाक मारतो,
"रयवंता, हात आन वं इकडं."

मी हात पुढं करते.
तो माझं मनगट धरून केतकीबाईंच्या गालाजवळ नेतो.
गाल नागपूरचा, थंडीनं फुटलेला.
"अजून थोडी काजळी," म्हणतो. मग, "हं. जमली."
दुकानात साडीला ब्लाउजपीस लावून बघतात,
तसं बघून झाल्यावर
माझा हात मला परत मिळतो.

नाटकात बाईंचं नाव बिजली.
आमच्या टोल्यावर बिजली नावाची बाई नाही,
आणि दुसरी बिजली सातलाच जाते.
ही बिजली दोन्ही हात पसरून
"जंगल माझी माय" म्हणते,
आणि दुसऱ्या अंकात, रात्री दीडच्या सुमारास,
ठेकेदाराच्या गोळीनं मरते.
या हंगामात मी अडतीस वेळा मेले.
अडतीस वेळा लगेच उठून
मध्यंतराचा चहा मांडला.

बाई वाईट नाहीत. स्वतःची शाल देतात मला.
एकदा त्यांनीच विचारलं,
"मी नीट करते ना गं? खरं सांग."
मी म्हटलं, मोहा वेचताना कोणी हात पसरत नाही बाई,
कंबर दुखत असते.
आणि माझ्या सासऱ्याला गार्डानं नेलं तेव्हा
सासू माय-गिय काही म्हणाली नाही.
दारात आडवी उभी राहिली, एवढंच म्हणाली,
"जेवून तरी जाऊ द्या त्याले."

लेखक खाटेवर पडून ऐकत होते.
उठून वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या रात्री बिजली म्हणाली,
"जेवून तरी जाऊ द्या त्याले."
लोक हसले.
खुर्च्या हसल्या, मग मागची बिछायत हसली,
तबलजीनं एक थाप दिली वरून.
मी भगोणं धरून विंगेत.
सासूला जाऊन चार वर्षं झाली,
तिला एवढ्या लोकांना हसवता येतं
हे मला कुठं माहीत होतं.

तिसऱ्या रात्री वाक्य गेलं.
जंगल पुन्हा माय झालं. टाळ्या.

मध्ये एकदा बाईंची जीप नाल्यात फसली.
साडेदहा झाले, अकरा झाले, लोक शिट्ट्या मारू लागले.
ऑर्गनवाला म्हणाला,
"रयवंतालेच उभी करा ना, रंगाचा खर्च वाचन."
मालकांनी घड्याळातून मान वर केली,
माझ्याकडं बघितलं, खरंच विचार केला,
आणि म्हणाले,
"नाही जमनार. लोकायले खरी वाटनार नाही."
रागानं नाही. हिशेब सांगावा तसं.

मग कोसंबीच्या पटात रंगाची डबी संपली.
"रयवंता, हात आन वं."
मी म्हटलं, पिठात हायेत.
खोटं नव्हतं,
हाक आली तेव्हाच घातले होते.

झिबलदादानं आठवणीतून कालवला.
लाईट पडला आणि बिजली निळसर दिसली,
तव्याच्या मागच्या बाजूसारखी.
हजारभर लोक असतील. कोणाला काही वाटलं नाही.
तितक्याच टाळ्या, तितकेच हुंदके दीड वाजता.

फक्त पुढं, तणसावर,
कपाळभर गोंदलेली एक म्हातारी बसली होती.
तिनं डोळे बारीक केले
आणि शेजारच्या पोरीला मोठ्यानं विचारलं,
"हे कोन्या गावची होय वं?"

पोरगी म्हणाली, "चूप बस न आजी, मरून रायली ते."

मी कणीक मळत राहिले.
फार मऊ झाली त्या रात्री कणीक,
पोळ्या लाटताच येईनात.