तिसरी तिमाही

एल्गोइबारमध्ये नदी अरुंद आहे,
आणि दोन्ही काठांना कारखाने इतके खेटून
की डेबाला वळायचं असेल तर
आधी कुणाच्या तरी भिंतीला विचारावं लागतं.

मी विक्री विभागात बसते, दुसऱ्या मजल्यावर.
माझं काम रेघ ओढण्याचं:
या तिमाहीत किती यंत्रं मागवली, गेल्या वर्षी किती,
देशात किती, बाहेर किती.
रेघ वर गेली की साहेब कॉफी पाजतात.
खाली आली की खिडकीशी उभे राहतात
आणि पाठमोरेच म्हणतात,
गरासी, आलेख शून्यापासून सुरू करून बघ,
उतार जरा कमी दिसेल.

खाली कोल्दोबिका लोखंड खवतो.
मापाच्या पाट्याला निळा रंग लावायचा,
बेडवर टेकवून सरकवायचा,
जिथे निळं उमटलं तो उंचवटा.
केसाहून पातळ. तेवढाच काढायचा.
पुन्हा रंग, पुन्हा पाटा. एक्केचाळीस वर्षं.
वर माझी यंत्रं खपत नाहीत,
खाली त्याला उंचवटा खपत नाही.

मार्चमध्ये साक्सनीच्या गिअरवाल्यांचं पत्र आलं.
चार ओळी, त्यातली एक आभाराची.
नव्या गाड्यांना आता इतके गिअर लागत नाहीत.
अर्धं जोडलेलं ग्राइंडिंग मशीन तसंच उभं,
बाजूला खडूनं त्यांचं नाव.
झिगोरनं ते बाहीनं पुसलं, पण तेलकट पत्र्यावरून
खडू पटकन जात नाही.
आठवडाभर शेवटची तीन अक्षरं वाचता येत होती.

एप्रिलमध्ये भवानीसुद्धा नाही.
मे: चौकशा सात.
चौकशी म्हणजे काय, ते कुठल्याही मंडईत कळतं:
भेंडी उचलायची, टोक मोडून बघायचं, परत ठेवायची.
जूनपासून शुक्रवार बंद, बिनपगारी.
बारमध्ये सकाळी अकरालाच खुर्ची मिळेना,
आणि पत्त्यांच्या डावात
माणसं चणे मोजत होती, फार लक्ष देऊन.

सप्टेंबरात ट्रक आला. नवं न्यायला नव्हे,
जुनं घेऊन.
बुर्गोसजवळच्या एका पंपवाल्यानं लेथ परत पाठवलं होतं:
नवं घेणं यंदा झेपत नाही, हेच सरळ करून द्या.
क्रेननं सॅडल उचललं. खाली,
जिथे कुणी डोकावायचं कारण नव्हतं,
खवल्याच्या चंद्रकोरींमध्ये एक वेडीवाकडी खूण:
दोन रेघा, एक टिंब.

कोल्दोबिकानं चष्मा कपाळावर नेला.
"अठरा वर्षांचा होतो. उस्ताद जेवायला गेला होता."
मग अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा.
"इथे घाई केलीय," म्हणाला,
जणू दुसऱ्याच कुणाबद्दल,
आणि निळ्या रंगाचा डबा उघडला.

मी वर गेले. तक्ता उघडला.
नवी ऑर्डर, असा रकाना आहे.
निर्यात. देशांतर्गत. रद्द.
परत आलेल्यासाठी काहीच नाही.
साहेबांनी विचारलं, या महिन्याचं लिहिलंस का?
खालून खर्र, खर्र,
मग थांबून, पाटा सरकवण्याइतकं थांबून, खर्र.
मी पेन्सिल घेतली
आणि समासात एक लिहिला, बारीक,
बेरजेत हातचा लिहितात तसा.
तिमाही संपायला अकरा दिवस होते.