चाटण

स्वारगेटहून सुप्याला निघालेल्या गाडीत
कंडक्टर पोत्याचं अर्धं तिकीट मागत होता.
काय आहे आत?
मीठ.
एवढं? कुणाच्या लग्नाला?
हरणांना, म्हटलं.
त्यानं एकदा माझ्या खाकीकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे,
आणि तिकीट न फाडताच पुढे सरकला.
भवानी पेठेतले गुलाबी खडे, अठ्ठावीस किलो,
दिवे घाटाच्या प्रत्येक वळणाला
माझ्या पोटऱ्यांवर रेलत राहिले.

माळावर सात खड्डे आहेत.
जागा आप्पांनी धरलेल्या,
रोजंदारीवर होते तेव्हा, अनवाणी पावलांनी मोजून.
पाणवठ्यापासून चारशे पावलं लांब,
कारण पाण्याशी मीठ ठेवलं
की लांडग्याला आयतं ताट.
जवळ बोरी-बाभळीचं झुडूप नको.
मान खाली घालणाऱ्याला
मान वर केल्यावर लांबवर दिसलं पाहिजे.
दोन घमेली पांढरी माती, वर ठेचलेला खडा,
पायानं नाही, हातानं दाबायचं.
हे कुठल्या परिपत्रकात नाही.
मी शोधलं.

फाल्गुनात गवताचा जीव गेला
की जनावरं येऊ लागतात.
झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात मी त्यांना सावकाश बघते:
चिंकारा मादी, एक कान मागे वळवलेला.
खोकड, नुसतं हुंगून गेलेलं.
साळिंदर, ज्याला चाटणं माहीत नाही, कुरतडतंच.
आणि रात्री पावणेतीनला
साठ-सत्तर मेंढ्या,
त्यांच्यामागे घोंगडं पांघरलेला एक माणूस
कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा,
जणू त्यानं पाठ केली
म्हणजे मेंढ्याही दिसायच्या नाहीत.

घोंगड्याचा फाटका कोपरा ओळखीचा होता.
पावतीपुस्तक घेऊन म्हाळू कोकऱ्याच्या वाड्यावर गेले.
मेंढ्या जाळीत, कुत्रं माझ्या बुटांवर.
तो काही बोलला नाही.
पालात गेला, बायकोशी कुजबुजला,
आणि किलोभराची मिठाची पिशवी आणून
माझ्या हातावर ठेवली.
वरून थोडी सांडलेली, गाठ मारलेली.
एवढंच चाटलं असंल, म्हणाला.
पावती कोरीच राहिली.
पिशवी मी चार नंबरच्या खड्ड्यात रिकामी केली.

घरी मीठ बंद आहे.
बारामतीच्या डॉक्टरांनी आप्पांच्या दंडाला पट्टा बांधला,
आकडा बघून पेन खाली ठेवलं, तेव्हापासून.
वरण अळणी, भाकरी अळणी,
लोणच्याची बरणी मी फळीवर सगळ्यात वर ठेवलीय,
पिठाच्या डब्यामागे.
आप्पा तक्रार करत नाहीत.
घास तोंडात घोळवतात, बराच वेळ,
आणि विचारतात,
तीन नंबरचा किती गेला?
चार बोटं.
मग गाभण आहेत माद्या, म्हणतात,
आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकतात.

आमच्या शेळीच्या दावणीलाही
एक वीट टांगलेली आहे, सुतळीनं.
काल झाडताना ती फिरली.
आता जिभा मला कळतात.
चिंकारा वाटीसारखं कोरतो.
मेंढी एकाच कडेला लागते, कड संपेपर्यंत.
आमची शेळी मधोमध चाटते, दात लावते, सोडून देते.
पण विटेच्या भिंतीकडच्या अंगाला
एक खाच होती,
सरळ, अरुंद, आतून गुळगुळीत.
मी तीत माझं बोट घालून पाहिलं.
माझ्या बोटाला ती जरा सैल झाली.

झाडू तसाच हातात.
आप्पा पायरीवर बसलेले,
उजवी मूठ धोतराच्या सोग्यात.
लय चाटते हो ही शेळी, मी मोठ्यानं म्हणाले.

ते रस्त्याकडे बघत होते.
रस्त्यावर कुणी नव्हतं.

गाभण असंल, म्हणाले.