नियंत्रण गट

सूरच्या इस्पितळात रात्रपाळीला
माझ्या ताब्यात अडुसष्ट नळ्या असतात, निळ्या झाकणांच्या.
लाळ घ्यायची चार वेळा:
कळा सुरू होताना, पाणमोट फुटल्यावर,
वार पडल्यावर,
आणि बाळानं पहिल्यांदा अंगावर ओढल्यावर.
वीस मिनिटांत बर्फात. उशीर झाला
तर आतलं काहीतरी मोडतं.
डॉक्टर नहला त्याला रेणू म्हणतात.

अभ्यास साधा आहे.
बाईजवळ कुणी बसलं, कंबर चोळली,
तर तिच्या रक्तात काय चढतं, काय उतरतं.
कागदावर रकाना आहे: खोलीत कोण होतं?
रय्याच्या खोलीत सासू, दोन नणंदा, कहव्याचा थर्मास.
रोकेयाचा नवरा खाडीकाठी गलबतांना खिळे ठोकतो,
त्याला सुटी नव्हती.
रोकेयाच्या खोलीत मी.
तिनं माझं मनगट इतकं आवळलं होतं
की लिहायला दुसरा हात वापरावा लागला.

म्हातारी सुवैदा रोज बाकावर येऊन बसते.
चाळीस वर्षं घरोघरी बाळंतपणं केली,
आता तिला कुणी बोलवत नाही, ती आपली येते.
तिला इथं दाया म्हणतात. आम्ही दाई म्हणतो.
एकदा तिनं बाळंतिणीसाठी डबा आणला: रशाद, मधात कालवलेला.
मी झाकण उघडलं आणि मराठीतच ओरडले,
अगं बाई, हे तर अळीव!
तिनं मान डोलावली,
जणू मला इतका वेळ का लागला.

मार्चमध्ये नियंत्रण गटाला बायका कमी पडल्या.
गरोदर नसलेल्या. अंगावर पाजत नसलेल्या.
मी दोन्ही चौकटींत खुणा केल्या.
खोटं नव्हतं त्यात काही.
निनाद मिरजेत, बहिणीपाशी, चौदा महिन्यांचा.
मी निघाले तेव्हा आठ.
दूध आटावं म्हणून आईनं छातीवर मोगरा बांधला होता,
जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, करकचून, पाच दिवस.
सहाव्या दिवशी फुलं काळी पडली, पट्टी कोरडी.
विमानात मला माझाच वास येत राहिला,
लग्नघरासारखा.

माझ्या रक्ताचा आकडा आला
तेव्हा डॉक्टर नहलांनी चष्मा काढला.
प्रोलॅक्टिन. तिप्पट.
काही गोळ्या? डोकं दुखतं? नजर धूसर?
नाही.
मग?
मग मी सांगून टाकलं:
तीन नंबरच्या खोलीत बाळ रडलं
की माझ्या गणवेशावर दोन डाग पडतात,
पन्नास बैसाच्या नाण्याएवढे.
म्हणून मी आत जाड बनियन घालते, या उकाड्यात.

तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?
पान्हा, मी म्हणाले.
त्यांनी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं
आणि वाचून दाखवलं: बान्हा.
त्यांच्या लिपीत प नाही.

मग माझ्या ओळीवर पट्टी धरून रेघ.
शेरा: निकषात बसत नाही, वगळले.
बरोबरच आहे.
मीही वगळलं असतं अशा बाईला.
नंतर त्या म्हणाल्या, तपासून घे हं, नीट,
आणि स्वतःचा कहवा माझ्यापुढे सरकवला.
तो कुठल्या रकान्यात बसतो, मी विचारलं नाही.

नळी मात्र टाकवली नाही.
उणे ऐंशीवर आहे, क्रमांक खरवडलेली,
रय्या आणि रोकेयाच्या मधे.

खिडकीतून कल्हातच्या गॅस कारखान्याची ज्योत दिसते.
इथं पहाटेचे तीन. मिरज दीड तास पुढे,
तिथं अजून कुणी उठलं नसेल. किंवा तो उठला असेल.
तीन नंबरमध्ये एक डोकं बाहेर येतंय,
ओलं, काळंभोर.
मी घड्याळ बघते, नळी उघडते.
बिन्त, मी म्हणते, मुलगी,
आणि ती रडायच्या आत
दोन्ही कोपर छातीशी घट्ट दाबून धरते.