घसारा

गुल्हाने जिनिंगच्या वह्यांत
एकतीस वर्षं मी गाठी मोजल्या,
सरकीचे भाव, ढेपेची उधारी, हमालांची हजेरी.
मग हर्षलबाबूंनी गाडी आणली
आणि मला पहिल्यांदाच विचारावं लागलं,
हे कोणत्या खात्यात लिहू?

किंमत लिहिणं सोपं होतं,
फक्त शून्यं रकान्याबाहेर गेली.
तिच्या मागून कराचा आकडा आला, तिच्याहून लांब.
मग विमा. तो पोळ्यासारखा दरवर्षी येतो,
पुरणाशिवाय.

इटलीत ऊन कसं असतं मला माहीत नाही.
मारेगावात मे महिन्यात पत्र्याखाली सत्तेचाळीस होतं.
म्हणून सरकीचं जुनं गोदाम तिला दिलं,
आत दोन एसी, मागे जनरेटर,
कारण लाइन गेली की चार्जर बंद,
बॅटरी उतरली की दारही उघडत नाही.
डिझेल, गाडीखाते.
गाडी तर पेट्रोलची, ऑडिटर म्हणाला आणि हसला.
मी हसलो नाही.

गोदाम रिकामं झालं
पण उंदरांना कोणी कळवलं नव्हतं.
सरकी नाही म्हणून त्यांनी तारा खाल्ल्या.
मुंबईहून विमानाने आलेला पोरगा म्हणाला,
या तारांच्या वेष्टनात सोयाबीन असतं म्हणे.
"मंग आपलंच हाय ना," सुदाम हमाल म्हणाला,
"इथून गेलं अन् महाग होऊन वापस आलं."
पोराचं विमान, नागपूरचं हॉटेल,
आणि तर्री सोसली नाही म्हणून
दवाखान्याचे साडेतीनशे.
तेही लिहिले.

जिनिंग सुरू असलं की रुईचे तंतू हवेत उडतात,
आमच्या भुवया दिवाळीपासून होळीपर्यंत पांढऱ्या.
तिच्या जाळीतून ते आत गेले.
साफ करायला पुन्हा तोच पोरगा. या वेळी डबा घेऊन आला.

फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंत तीन गतिरोधक.
शाळेजवळचा सगळ्यात उंच, तो हर्षलबाबूंच्याच
वडिलांनी अर्ज करून बसवलेला.
म्हणून सुदाम आणि बंडू
सागाच्या दोन फळ्या घेऊन पुढे चालतात,
टाकतात, उचलतात, पुन्हा चालतात.
सातशे घोडे त्यांच्या मागे
पाय ओढत येतात.
पोट्टे सायकलवरून पुढे निघून जातात,
पंपावर वाट पाहतात.

बाईंना मोतीबिंदूसाठी वणीला न्यायचं होतं.
त्या एकदा बसल्या होत्या तिच्यात.
"खाटेखाली घुसल्यासारखं वाटते बापा,"
आणि बाहेर काढायला दोन बाया लागल्या.
वणीला त्या जुन्या जीपने गेल्या.
जीपखाते, नऊशे रुपये.
हर्षलबाबू मागून मोटरसायकलवर.

तीन वर्षांत अकराशे चाळीस किलोमीटर.
टायर बदलले, झिजले म्हणून नाही,
उभ्याउभ्या म्हातारे झाले म्हणून.
एका रात्री मी भागाकार केला,
किलोमीटरला किती.
उत्तर आलं तेव्हा कागद घडी करून खिशात ठेवला.
बायकोलाही दाखवला नाही.

हंगाम संपला त्या संध्याकाळी
ते म्हणाले, "देवतळेजी, बसा."
मी चपला बाहेर काढल्या.
त्यांनी बटण दाबलं
आणि पत्र्यावरचे सगळे पारवे एकदम उठले,
माझ्या छातीत काहीतरी उभं राहिलं,
पन्नाशीनंतर तिथे काही उभं राहत नाही.
खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. फाटक बंद.
त्यांचे हात चाकावर होते,
नजर समोरच्या भिंतीवर, जिथे अजून लिहिलेलं आहे,
विडी ओढू नये.
"पुरं मिळून किती झालं असंल?" त्यांनी विचारलं.
कागद खिशात होता.
"वही पाहून सांगतो," मी म्हणालो.
त्यांनी इंजिन बंद केलं.

बाहेर सुदाम फळ्या खांद्यावर घेऊन उभा होता.
"नाई जाऊन राह्यले का?"
मी मान हलवली.
त्याने फळ्या भिंतीला टेकवल्या, घाम पुसला.
"मंग हजेरी अर्धीच लावान आता."

मी पूर्ण लावली.
गाडीखाते.