जास्तीचे दोन

संस्थेच्या ठरावात एवढंच लिहिलंय,
'बोटीस आणखी दोन स्पीकर बसविणे.'
कुठे बसविणे, ते लिहिलेलं नाही.
सचिव सही ठोकून साकोलीला गेले
आणि मी, यादोराव मारबते, चालक, बारा सीटर,
ड्रिल मशीन मांडीवर घेऊन
सकाळपासून बसलोय
तलावाच्या पाळीला टेकलेल्या बोटीत.

आधीचे दोन पुढे आहेत, नाकाशी.
पुढच्या बाकावरच्यांचे कान किटतात,
मागच्या बाया म्हणतात, "लावा ना जी गाणं."
मधात इंजिन.
जे काही मागे जायला निघतं
ते हा बाप्पा वाटेतच गिळतो.

छताच्या पाइपाला बांधावेत
तर आवाज पाण्यावरून घसरत
थेट बेटावरच्या बाभळीत शिरतो.
तिथं पाणकावळ्यांची घरटी.
मागच्या बुधवारी नुसतं 'हॅलो' म्हटलं
तर अख्खी बाभूळ उडाली.
बाकाखाली ठेवावेत तर तिथं लाइफ जॅकेटं
आणि कितीही उपसलं तरी चार बोटं पाणी.
दोन्ही डावीकडे लावले तर नाव कलते;
बॅटरी आधीच डावीकडे आहे,
माझ्यासारखी, जागा न सोडणारी.

साउंडवाला इरफान म्हणाला होता,
"यादोभाऊ, स्पीकर बसवायच्या आधी कान बसवा."
म्हणून पंकेश, माझा भाचा,
उघडा स्पीकर पोटाशी धरून फिरतोय बोटभर,
वायर त्याच्या मागे वासरागत.
मी एकेका सीटवर बसतो डोळे मिटून.
तिसरी सीट: नुसती ढोलकी.
सातवी: बाईचा गळा, पण पडसं झालेला.
नववीवर सगळं येतं, इंजिनासकट.
अकरावी:
काहीच नाही. फायबरखाली पाण्याचं चुबुक चुबुक.

अकरावीवर जरा जास्तच बसलो.

पंकेशनं स्पीकर खाली टेकवला
तर त्याच्या पाठीला टक्कन काहीतरी चिकटलं.
गंजका गळ.
फळीच्या फटीतून चुंबकानं ओढून काढलेला.
सभासद आम्ही अडतीस,
आता कुणी तिकिटं फाडतो, कुणी पोहे करतो;
सदऱ्याच्या खिशात गळ ठेवणारा एकच होता,
दयाराममामा.
उद्घाटनाच्या फेरीला बसला होता, कडेला,
नारळाचा तुकडा हातात तसाच धरून.

तो बांबूचं एक टोक पाण्यात सोडायचा,
दुसरं कानाला लावायचा.
"चूप गा. मरळ चालली."
मग बांबू माझ्याकडे द्यायचा.
मला कधीच काही ऐकू आलं नाही.
मी मान डोलवायचो.

"बंद कर," मी पंकेशला म्हटलं.
"बॅटरी गेली का जी?"
"नाई. थांब जरासाक."

दुपारून मोजमाप घेतलं.
मागच्या दोन खांबांना, गुडघ्याच्या उंचीवर,
तोंडं आत, जराशी खाली,
अबोला धरलेल्या जावांना
समोरासमोर जेवायला बसवावं तसे लावले दोन्ही.
आवाज बोटीतल्या बोटीत राहतो.
मागच्या बायांना ढोलकीही येते, गळाही येतो,
बाभूळ हलत नाही.
अकरावीपाशी मात्र अजून थोडी ओल आहे,
म्हणजे गाणं तिथं पोचतं ते अर्धंच.
सुधारता आलं असतं.

एक चूक झाली.
अकरावीच्या वर, छताच्या पाइपात,
विचार बदलायच्या आधीच
पेन्सिलएवढं भोक पाडून बसलो होतो.
आता वारा बेटाकडून आला
की पोकळ पाइप वाजतो, एकच सूर, लांबट.
गाणं चालू असलं तरी वाजतो.
पाहुणे वर बघतात, विचारतात,
हा कोणत्या कंपनीचा?

सचिव म्हणतात, एम-सील लावून बुजवून टाक.
आणलंय. डब्यात आहे,
गळाशेजारी.