सरासरीचा महिना

ईश्वरीला आठवीत सरासरी होती.
वहीत क्रिकेटच्या धावा, मुलांची वजनं,
कुठल्या तरी गावचा पाऊस.
मी म्हटलं, ते राहू दे, हे घे,
आणि खिळ्याला टोचलेली बिलं काढून दिली,
वर्षभराची, मधोमध भोक पडलेली.

तिनं ती फरशीवर पसरली, पंख्याखाली,
मग उडतात म्हणून पंखाच बंद केला.
जानेवारी सहाशे दहा.
मे एकवीसशे पन्नास
(नणंदेची पोरं आली होती, आणि ओळखीतून आणलेला कूलर
हवेपेक्षा आवाजच जास्त देई).
बेरीज बारा हजार नऊशे साठ.
भागिले बारा.
बाकी शून्य, आई!
तिला बाकी शून्य आल्याचाच आनंद.

एक हजार ऐंशी.
मी बिलं पुन्हा चाळली.
एकाही महिन्याचं एक हजार ऐंशी आलेलं नव्हतं.
असा महिना कॅलेंडरात नव्हताच कुठं,
आणि मला त्याच्याच हिशेबानं राहायचं होतं.

भडंगाचा रिकामा डबा धुतला. तिखटाचा वास राहिलाच.
नोव्हेंबरपासून पगाराच्या दिवशी एक हजार ऐंशी आत,
बिल येईल तेवढं बाहेर.
गॅसला ही शिस्त लागू नाही.
तो कधी अडतीस दिवस पुरतो, कधी बावन्न,
आणि संपतो पाहुणे पाटावर बसल्यावर.
त्याच्यासाठी वेगळी बरणी करीन म्हणते.
अजून झाली नाही.

फेब्रुवारीत डब्यात पंधराशेच्या वर.
ह्यांनी एका रविवारी झाकण उघडलं,
लेथचं काळं न निघालेल्या बोटांनी नोटा मोजल्या.
"एवढं पैसं पडून हाईत की! अर्धा किलो मटण आणतो."
मी म्हटलं, ते पैसे नव्हेत.
"मग काय हाय?"
तो मे महिना आहे. झाकण लावा, उकडंल.

हसले. पिशवी घेतली,
आणि स्वतःच्या खिशातून पाव किलो आणलं.
मी रस्सा वाढवला.
रस्सा वाढवता येतो.

मे महिन्यात तरी अडीचशे कमी पडलेच.
ईश्वरी म्हणाली, जुलैपासून सुरू करायला हवं होतं गं.
मी मिरचीच्या पैशांतून काढले.
यंदाची चटणी जरा फिकी आहे,
कुणाला सांगू नका.

ऑगस्टात पंचगंगा कुंभार गल्लीत आली.
वडणगेकर काकांचे न रंगवलेले गणपती आधी वर गेले,
मग आमचं धान्य, दप्तर, डबा.
अकरा दिवस आम्ही शाळेत, ईश्वरीच्याच वर्गात,
फळ्यावर कुणाचं तरी अर्धं राहिलेलं गणित.
परतलो तर मीटरच्या काचेत चिखल.
तरी बिल आलं.
एक हजार चौऱ्याण्णव.
रीडिंगच्या जागी छापलेलं : सरासरी.

मला राग यायला हवा होता.
मी बराच वेळ तो शब्द बघत उभी राहिले.
म्हणजे त्यांच्याकडंही कुणी ईश्वरी आहे,
फरशीवर आमची बिलं पसरून बसलेली,
पंखा बंद करून,
माझ्यापेक्षा चौदा रुपयांनी चुकलेली,
आणि तिला ठाऊक नाही
की त्या महिन्यात आमच्याकडं
दिवा लागलाच नव्हता धड.

खिडकीतला कारकून म्हणाला, पुढच्या बिलात वळतं होईल.
झालं. सप्टेंबर : उणे एकशे बारा.
ह्यांनी दोनदा वाचलं. "म्हंजे ते आपल्याला देणार?"
देत कुणी नाही. ऑक्टोबरात जिरतं.
तरी ते बिल त्यांनी खिळ्याला टोचू दिलं नाही,
आरशाच्या कडेला खोचलं.

पगाराच्या दिवशी मी सवयीनं एक हजार ऐंशी मोजले.
ईश्वरीनं विचारलं, नव्या सरासरीत उणे धरायचं का?
डब्याला अजून तिखटाचा वास येतो. नोटांनाही.
परवा वाण्यानं एक नाकाजवळ नेऊन पाहिली.