डोकं सांभाळा

पाटीवर नांगर होता.
मला वाटलं, बी-बियाण्यांचं दुकान असेल,
नाहीतर सोसायटीचं ऑफिस.
वृंदा कामाला गेलेली, मी एकटाच निघालेलो
मेंढ्यांच्या कुंपणाकडेनं, चिखलातून,
मंगळ बाजारातल्या कॅनव्हासच्या बुटांत.
दाराच्या चौकटीवर लिहिलं होतं: डोकं सांभाळा.
वाचतच होतो, तेवढ्यात लागलं.

असं सुरू करतो मी दर वेळी
आणि मेळाभाईच्या लारीवर सगळे हसतात.
ज्युबिली बागेच्या कडेला, रात्री साडेआठ,
कटिंग हातात, लिलो चेवडो कागदावर.
पागेदाराकडे परमिट आहे, डॉक्टरनं लिहून दिलेलं,
झोपेसाठी की गुडघ्यासाठी ते तोच विसरतो,
तरी सगळ्यांत पुढे तोच सरकतो:
रंग कसा होता रे?
मधाचा, मी सांगतो.
गेल्या वेळी काकवीचा होता, खासगीवाले दुरुस्त करतात.
काकवीचा, मी म्हणतो.
फेस? बोटभर.
गार? नाही, कोमट.
कोमट! पागेदार हळहळतो,
कुणी त्याच्या परमिटावर पाणी ओतल्यासारखा.

मग मी तुळया सांगतो, काळ्या, पोक आलेल्या,
धूर पिऊन पिऊन म्हाताऱ्या झालेल्या.
जळतं लाकूड, त्यापुढे पसरलेला कुत्रा,
एवढा मोठा की लोक त्याला ओलांडून जात.
भिंतीवर गावच्या क्रिकेट टीमचा फोटो,
मागच्या रांगेत एकजण डोळे मिटलेला.
आणि घंटा.
मालक दोरी ओढतो: शेवटचं काय ते मागा.
पुन्हा ओढतो: उठा.
सगळे स्टोव्हकडे बघतात.
मेळाभाई म्हणतो, बेसो, हजी वार छे.

दोन मग प्यायलो, असं मी सांगतो.
गेल्या दिवाळीपर्यंत एकच होता.

खरं हे, की मी बसलो.
खिडकीपाशी, टोपी मांडीवर,
पंगतीत बसावं तसा.
वाढपी येईल, येणारच,
आपली रांग जरा लांब आहे इतकंच.
लोक येत, फळीला टेकून बोलत,
ग्लास घेऊन जात.
घरचे असतील, म्हटलं, आधी घरच्यांना देत असतील.
चाळीस मिनिटं. घड्याळ समोरच होतं.
कुणी हाकललं नाही.
कुणी विचारलंही नाही.
कुत्र्यानं येऊन बुटांवरचा चिखल हुंगला
आणि मी, छत्तीस वर्षं परचेस खात्यात काढलेला,
रेशनपासून पासपोर्टपर्यंत
प्रत्येक खिडकीवर कोपरानं जागा केलेला,
चार पावलं चालून
मला द्या, असं म्हणू शकलो नाही.

रंग पाहिला तो दुसऱ्यांच्या ग्लासात.
घंटा तर वृंदानं सांगितलेली.
बाहेर पडताना पुन्हा लागलं, त्याच जागी.
रात्री ती टेंगळावर खोबरेल चोळत म्हणाली,
बाबा, तिथं टेबलाशी कुणी येत नाही,
आपणच जाऊन सांगायचं असतं.
कोरड्या राज्यातला माणूस
ओल्या गावात जाऊन कोरडाच परतला,
हे मेळाभाईच्या लारीवर कुणाला सांगू?

आज एक नवा मुलगा आलाय.
युनिव्हर्सिटीतला, बहुतेक मणिपूरकडचा,
पाठीवर कॅनव्हासची नळी.
बाकड्याच्या टोकाला बसलाय केव्हाचा,
मोबाइल खिशातच,
मेळाभाईकडे बघतोय.
इथं हाक मारावी लागते
आणि ग्लास ज्यानं त्यानं उचलायचा,
पण हे कुठे लिहिलेलं नाही.

मग? पागेदार विचारतो. दुसरा मग कुणी पाजला?
थांब रे जरा.
गुडघ्यावर हात रोवून उठतो.
इथं पुढे जाऊन सांगायचं, मी त्याला हिंदीत म्हणतो,
आणि साखर कमी हवी तर आधीच.

तो ओशाळून, घाईघाईनं उभा राहतो,
आणि लारीचा पत्रा...
मी तोंड उघडेपर्यंत
लागलंच.